निधान

वडगावात दुपारी दोनला लाइट जाते.
माग एकदम थांबतात,
आणि कळतं, गल्लीला स्वतःचा आवाजच नव्हता.
या वेळेवर आम्ही टपून बसलेलो.

शालन चप्पल काढून आत आली,
म्हणाली, दीड तास आहे, सूर लाव.
काळी पाचचं गाणं मी काळी दोनवर उतरवलं.
तिचा गळा आता एवढाच जिना चढतो,
माझी बोटंही काही तरणी नाहीत.

मल्लेशी खाटेवर, भिंतीला टेकून.
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

ब्याऐंशी साली हाच हात ड्रमवर पडायचा
आणि संकेश्वरच्या मैदानात धूळ कमरेएवढी उठायची.
आरशांचा गोळा कुठला परवडतोय;
खानापूरच्या मडक्यावर सलूनमधल्या फुटक्या आरशाचे
तुकडे चिकटवले, सायकलच्या चेनवर फिरवलं.
शालनच्या अंगात शहापुरी जरीचं जाकीट,
काखेत काळं पडलेलं.
चार मराठी, चार कन्नड, असं मोजून गायचो,
एक जास्त झालं की खुर्च्या उडायच्या.
हे गाणं हिंदी. हे कुणाचंच नव्हतं,
म्हणून वन्समोअर.

मल्लेशी पळायचा. ठेका त्याच्या हातात
उतारावरच्या बैलगाडीसारखा.
मी गिटारवरून ओरडायचो, निधान रे, निधान!
शब्द त्याच्याकडूनच शिकलेला. म्हणजे हळू.
आमच्यात निधान म्हणजे पुरलेला खजिना,
हे मी त्याला एकदा सांगितलं,
निपाणीच्या स्टँडवर, पहाटे, पेट्यांवर बसून.
तो म्हणाला, मग मला इतकी वर्षं
खजिना म्हणून शिव्या देतोस होय?

मागच्या दिवाळीत झटका आला.
उजवी बाजू गेली, आणि मराठी गेलं.
डॉक्टर म्हणाले, होतं असं, आईची भाषा तळाला असते.
चाळीस वर्षं ज्या भाषेत माझ्याशी भांडला
ती रक्ताच्या एका गुठळीखाली.
माझं कन्नड बाजारातलं:
एष्टु, साकु, स्वल्प कमी करा.
एवढ्यावर मैत्री चालत नाही. चालवतोय.

गाणं सोलत गेलो. आधी ठेका काढला,
मग सिंथ, टाळ्या, ती शिट्टी,
पोरं शर्ट काढायची तो मधला तुकडा.
उरली एक बाई आणि सहा तारा.
शालन गायली, कानात सांगितल्यासारखं,
आणि दुसऱ्या कडव्यात थांबली.
यात कुणीतरी दाराशी उभं आहे रे, म्हणाली,
आणि आपण याच्यावर उड्या मारायचो?
मी म्हटलं, ऐकायला कुठं येत होतं.

मल्लेशीचा रोल असायचा तिथं
चार मात्रा मोकळ्या सोडलेल्या.
पहिल्यांदा त्यात शेजारच्या कुकरची शिट्टी आली.
दुसऱ्यांदा काहीच नाही.
तिसऱ्यांदा त्याचा डावा हात हलला,
चादरीवर एक बोट, एकदाच,
ठेक्याच्या कितीतरी मागं.
मग तोंड वाकडं करून, लाळ पुसू न देता,
म्हणाला, निधान.

मला वाटलेलं, आम्ही आधीच हळू आहोत.

आणखी हळू केलं. इतकं, की एका सुराची
दुसऱ्याशी ओळख राहील का अशी भीती.
श्वास कुठं घ्यायचा ते शालननं नव्यानं शोधलं.
बोट बरोबर पडू लागलं,
का आम्हीच बोटावर पडू लागलो,
सांगता येणार नाही.

साडेतीनला लाइट आली.
सगळे माग खटाखट सुरू,
नेमक्या ब्याऐंशीच्या चालीत.
शालन हसत चप्पल शोधू लागली.
मी तारांवर तळवा ठेवला.
मल्लेशीनं भिंतीकडं मान वळवली
आणि मागांना दटावलं,
थेट माझ्या आवाजात.